तिटेएवढा ओरखडा

गाडीच्या रंगावरचा शेवटचा ओरखडा निघाला की गाडी जमीन सोडते, म्हणून मी पॉलिशचं मशीन लावायच्या आधी गाडीला दोर बांधतो. नवे कारागीर हे विसरतात. मग त्यांना शेजारच्या कौलांवर गाडी शोधत फिरावं लागतं.

माझं दुकान घाटाच्या पायथ्याशी, नाक्यावर आहे. दुकान म्हणजे पत्र्याची शेड आणि पुढं एक कडुलिंब. दोर त्या लिंबाला. गाडी आधी भरपूर पाण्यानं धुतो, कारण धुळीचा एक कण राहिला तरी तो मशीनखाली फिरून नवी जाळी विणतो. मग कडांना कागदी पट्टी लावतो. कडेला रंग पातळ असतो, त्याला मशीनची धग सोसत नाही. एका कोपऱ्यात थोडं करून बघतो. ओरखड्यावरून नख फिरवतो. नख अडकलं तर तो खोल आहे, मशीननं निघणार नाही. नाही अडकलं तर निघेल. मशीन हळू चालवतो, एका जागी थांबू देत नाही, आणि मधून मधून रंगावर तळहात ठेवतो, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. कोमट लागला तर ठीक. गरम लागला तर थांबायचं.

आणि सगळं झालं की दाराखाली, कुणाच्या नजरेला येणार नाही असा एक ओरखडा ठेवायचा. त्याला आम्ही तीट म्हणतो. बाळाला लावतात ती दृष्टीसाठी. ही वजनासाठी.

हणमंता जिरगेनं मला तीट ठेवू दिली नाही.

हणमंता साखर कारखान्यात ड्रायव्हर होता. निवृत्त झाल्यावर त्यानं साहेबांची जुनी काळी गाडी विकत घेतली आणि तेव्हापासून तो माणसांकडं कमी आणि त्या गाडीकडं जास्त बघायला लागला. गोदावहिनी, म्हणजे त्याची बायको, गाडीजवळून नुसती गेली तरी तो म्हणायचा, "हात आवर, काकण लागंल." लागलेलंच होतं. डाव्या दाराच्या कडीखाली तिच्या काकणांच्या केसाएवढ्या रेघा होत्या. शेजारी बसायला ती दार उघडायची ना.

त्या दिवशी बाकी सगळी गाडी झाली होती. त्या रेघा तेवढ्या उरल्या होत्या.

"ह्या तीट म्हणून राहू दे," मी म्हणालो.

"काढ," हणमंता म्हणाला. "तुला जमत नसंल तर तसं सांग."

गोदावहिनी तिथंच उभी होती. तिनं काकणं कोपराकडं सरकवली आणि घरी गेली.

मी रेघा काढल्या. हणमंता आरसा नीट करायला म्हणून आत बसला आणि गाडी सावकाश वर गेली. कढईतून पुरी वर यावी तशी, हलकी, जरा एका बाजूला कलत. दोर ताठ झाला, तेव्हा ती पाण्याच्या टाकीच्याही वर होती. तिच्या काळ्या पोटात आमचं सगळं गाव उलटं दिसत होतं.

खाली यायचं तर एक ओरखडा पाडायचा, एवढंच काम होतं. हणमंतानं काच खाली करून सांगितलं, "माझ्या गाडीला रेघ? मेलो तरी न्हाई."

आम्ही दोर ओढून बघितला. एक पीळ तुटला, म्हणून सोडून दिलं. दगड मारायला गोदावहिनीनं बंदी केली, आत माणूस होता. मग तो वरच राहिला. सकाळ-संध्याकाळ तो गाडीतली दोरी खाली सोडायचा, ती टोपली बांधायची, तो ओढून घ्यायचा. भाकरी, पिठलं, कधी वांगं. टोपली रिकामी खाली यायची. दोघांत बोलणं नव्हतं.

पुढं ग्रामसेवक आले. गाडीची सावली शेजारच्या आत्मारामच्या मिरच्यांवर पडते, मिरच्या वाळत नाहीत, अशी तक्रार होती.

"सावली कुणाच्या नावावर आहे?" त्यांनी विचारलं.

"गाडीवाल्याच्या," मी म्हणालो.

त्यांनी वर बघून हाक मारली, "जिरगे, सावली काढून घ्या."

"मिरच्या सरकवा!" वरून आवाज आला. "मी आधीपासनं हाय हितं."

ग्रामसेवकांनी बराच विचार केला. तो खरंच आधीपासून होता. त्यांनी मिरच्या सरकवायला लावल्या. जाताना दोराला हात लावून मला बाजूला घेतलं. "तात्या, दोन पीळ उरलेत. आषाढाचं वारं सुटलं की घाटापलीकडं जाईल. पलीकडं गेलेली गाडी आमच्या हद्दीत येत नाही."

हे गोदावहिनीनं ऐकलं. कुणाची पलीकडं गेलेली गाडी परत आल्याचं आमच्या गावात कुणाला माहीत नाही. ती त्या संध्याकाळी टोपली बांधायला आली नाही. आपली व्हॅन घेऊन आली.

कांदा-लसूण चटणी बाजारात न्यायला तिनं ती पांढरी व्हॅन घेतली होती. चालवायची स्वतः. त्या व्हॅनवर इतके ओरखडे होते की ती चढावर दमायची.

"हिला वर जाईल अशी करा, तात्या."

"वहिनी, वारं कधीबी सुटंल."

"म्हणून तर."

रात्र गेली, मग सकाळी मी कामाला लागलो. इतक्या सांभाळून मी कुठलीच गाडी केली नसेल. बॉनेट झालं तेव्हा पुढची चाकं उचलली. दारं झाली तेव्हा व्हॅन झोपेतल्या बाळासारखी आपोआप कूस बदलायला लागली. मी लिंबाला नवा दोर बांधला. वहिनी आत बसली, मांडीवर भाकरीचा डबा. मागच्या दाराखालचा एक ओरखडा उरला होता.

"तीट ठेवू?"

"आल्यावर ठेवा," ती म्हणाली.

मी तळहात ठेवला. रंग कोमट होता. मशीन एकदा फिरवलं.

व्हॅन वर निघाली. मी दोर हळूहळू सोडत होतो. आभाळ दुधासारखं होतं, कुठं कडा नव्हती. पांढरी व्हॅन त्यात विरघळायची आणि काळ्या गाडीच्या अंगावर परत दिसायची. दोन्ही गाड्या उलट्या तोंडांनी शेजारी आल्या, खिडकीला खिडकी. खाली आम्ही सगळे गप्प होतो, त्यामुळं वरचं सगळं ऐकू येत होतं.

"तू कशाला आलीस?"

"डबा द्यायला. टोपलीला बूड राहिलं न्हाई."

"व्हॅन लांब धर. घासंल."

"मला काय ब्रेक आहे का हितं?"

त्यानं डब्याकडं बघितलं. मग तो म्हणाला, "भाजी कसली?"

"घ्या आणि बघा."

तिनं डबा खिडकीतून पुढं केला. त्यानं तो अगदी अंग चोरून, बोटांच्या टोकांनी घेतला.

"हात आत घे. काकण लागंल."

"खाली चला."

"रेघ पाडून?"

"एवढीशी."

"न्हाई."

"मग जाते," गोदावहिनी म्हणाली. हात मात्र बाहेरच राहिला.

तेवढ्यात घाटावरून वारं उतरलं. त्याला आवाज नव्हता. लिंब एकदम सगळा एका बाजूला झुकला आणि नव्या दोराची गाठ माझ्या डोळ्यांसमोर सुटली. नवा दोर गुळगुळीत असतो, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी धावलो. दोराचं टोक माझ्या हाताच्या वरून, सापाच्या शेपटीसारखं निघून गेलं.

व्हॅन काळ्या गाडीपासून सुटली. अगदी सावकाश, घाटाकडं.

"अहो," वहिनी म्हणाली. ओरडली नाही. दार लावा, दिवा मालवा, असं सांगताना म्हणते तशीच म्हणाली.

डबा वरून खाली आला. मिरच्यांत पडला. आम्ही वर बघितलं तर हणमंता कमरेपर्यंत खिडकीबाहेर होता आणि त्यानं तिचं मनगट धरलं होतं, दोन्ही हातांनी, काकणांसकट. वारं तिला ओढत होतं, तो तिला ओढत होता. तिचा हात त्याच्या दारावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फरफटला. मग व्हॅन आदळून परत आली आणि दाराला दार घासलं.

खर्रर्र असा आवाज गावभर झाला. मला आयुष्यभर त्या आवाजानं कापरं भरायचं. त्या दिवशी नाही भरलं.

दोन्ही गाड्या एकमेकींना टेकून खाली आल्या. घाई नव्हती. येता येता टाकीवरची दोन कबुतरं व्हॅनच्या टपावर बसली आणि लिंबापाशी उतरली. आत्मारामनं न सांगता मिरच्या सरकवल्या.

गाड्या जमिनीला टेकल्या तरी हणमंतानं वहिनीचं मनगट जरा वेळ सोडलं नाही. मग वहिनीनं व्हॅन जरा मागं घेतली आणि तो उतरला. आपल्या बाजूच्या दारासमोर उभा राहिला. अंगठा ओला करून रेघेवरून फिरवला. रेघ राहिली. त्यानं माझ्याकडं बघितलं.

"तात्या, निघंल का?"

मी वाकलो. रेघेवरून नख फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नख कुठंच अडकलं नाही.

"अडकतंय," मी म्हणालो. "खोल आहे."

"मशीननं न्हाई निघणार?"

"न्हाई."

"मग ऱ्हाऊ दे," हणमंता म्हणाला. डाव्या बाजूला जाऊन त्यानं बायकोसाठी दार उघडलं. ती म्हणाली, "मी माझ्या व्हॅननं येते. भाजी सांडली, पुढं जाऊन तांदूळ निवडून ठेवा." तो पुढं गेला.

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकांनी स्वतःची गाडी आणली.

"तीट किती ठेवता?" त्यांनी विचारलं.

"एक," मी म्हणालो.

त्यांनी घाटाकडं बघितलं. लिंब अजून एका बाजूलाच झुकलेला होता.

"दोन ठेवा," ते म्हणाले.

मी दोर बांधला आणि गाडी धुवायला घेतली.