एक वीत उंच पाट

न्हाणीतल्या शहाबादी फरशीवर गुड्डी दुसऱ्यांदा घसरली, त्याच दिवशी रत्नप्रभाने ठरवलं की पायाखाली लाकडी पट्ट्यांचा पाट हवाच. पहिल्यांदा ढोपर फुटलं, दुसऱ्यांदा हनुवटी. तिसऱ्या खेपेचा विचारही तिला सोसेना. पोर जेमतेम अडीच वर्षांची.

वाल्मीक मिस्तरी माप घ्यायला आला. फरशीवर दोन बोटं आडवी ठेवून म्हणाला, "वहिनी, इतला उच्चा बस शे."

"दोनच बोटं? खाली शेवाळ धरेल. आणि गोम शिरली तर?"

"चार बोटं करसू."

"खाली हात घालून घासता आलं पाहिजे, दादा."

"मंग येक ईत करू का? वर चढाले शिडी बी करी देऊ?"

"शिडी नको. वीत करा."

पाट आला. सागाचा, गोल कोपऱ्यांचा, एकही खिळा वर नाही. त्यावर गुड्डी नाचली, पाट जरासुद्धा हलला नाही. रत्नप्रभाने सुटकेचा निःश्वास सोडला आणि ती बाहेर दोरीवरचा टॉवेल आणायला वळली.

मागे दार ओढलं गेलं आणि खट्ट वाजलं.

गुड्डीचा हात पोचू नये म्हणून न्हाणीची आतली कडी रत्नप्रभानेच मुद्दाम वर बसवून घेतली होती. पण गुड्डी आता एक वीत उंच झाली होती.

"गुड्डी, कडी काढ बरं, राजा. लिमलेटची गोळी देते."

"आदी गोळी."

रत्नप्रभाने दाराखालच्या फटीतून गोळी सरकवली. सरकवल्यावर तिच्या डोक्यात उजेड पडला. "अगं थांब! उतरू नकोस! फरशी ओली आहे! राहू दे ती गोळी!"

आतून भोकाड. ते ऐकून सासरे धावत आले.

"पोरले गोळी देस आनि खाऊ नको म्हनस?"

"नाना, ती घसरेल हो!"

नाना तसेच अनवाणी मिस्तरीला घेऊन आले. दार बाहेर उघडणारं, म्हणून बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला, हे नशीब. मिस्तरीने त्या काढल्या, दार उचलून भिंतीला टेकवलं. गुड्डी पाटावर उभी होती. गालात गोळी. केव्हाच उतरून, उचलून, परत चढली होती.

"पाटना पाय कापू का, वहिनी?"

"नको. गोम शिरेल."

"मंग दार बसाडू?"

"मुळीच नको!"

दाराच्या जागी जुन्या लुगड्याचा पडदा आला. आत कुणी आहे हे कळावं म्हणून आंघोळ करताना तोंडाने आवाज करत राहायचा, असा रत्नप्रभाने नियम घातला. तिचा नवरा रुपचंद शीळ घाली. नानांना शीळही येईना आणि गाणंही. पण तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. ते धुळे-जळगाव गाडीचे थांबे पुकारू लागले. फागणे म्हणजे पहिला तांब्या. पारोळा म्हणजे साबण. एरंडोल आलं की पुढच्याने टॉवेल घेऊन तयार राहायचं.

एका सकाळी एरंडोल झालं आणि आवाज बंद. पुढचा थांबा पाळधी, तो काही येईना.  हातातली कणीक टाकून रत्नप्रभा धावली. "नाना! घसरलात का?" म्हणत तिने पडद्याला हात घातला.

"थांब व माय!" आतून नाना किंचाळले. "तोंडवर साबन शे! गाडी उभी राहू दे, मंग चढ!"