शिवलकर मॅडम आणि खिशातला दाखला

आमच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर दरवर्षी एक यादी लागते. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरलेल्यांची नव्हे, न भरलेल्यांची. नावापुढे कारणाचा रकाना असतो आणि तो शिवलकर मॅडम स्वतः भरतात. 'सकपाळ – आळस. पाष्टे – मामाचं लग्न. शेख – उद्या आणतो, अकराव्यांदा.' हे बरं दिसत नाही म्हणून प्राचार्यांनी एकदा यादी बोर्डावरून काढायला लावली. मॅडमनी निमूटपणे काढली आणि कँटीनच्या दारावर चिकटवली. तिथे ती जास्त वाचली गेली.

मी रत्नागिरीजवळच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवतो. मॅडम आमच्या ऑफिसात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळतात. वय पन्नाशीच्या आसपास, अंगाने किरकोळ, पण आवाज मच्छीच्या लिलावात शोभेल असा. एकदा एसटी स्टँडवर पलीकडच्या फलाटावरच्या पोराला त्यांनी भर गर्दीत हाक मारली, "ए वारंग! उत्पन्नाचा दाखला कुठाय?" तो बिचारा समोर लागलेली गाडी सोडून पळाला.

कोणीही पहिल्यांदा फॉर्म आणला की मॅडम न बघताच म्हणतात, "परत!" यावरून मी एकदा भांडलो. "अहो, निदान वाचा तरी!"

"सर, पहिल्या खेपेला बरोबर आलेला फॉर्म मी बारा वर्षांत बघितलेला नाय. उगाच डोळे कशाला शिणवू?"

सरकार फी भरतं, पण मागितल्याशिवाय नाही, हे मला त्यांनीच शिकवलं. घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत हवं. ते आहे म्हणून नुसतं सांगून भागत नाही, आधी तलाठ्याची चौकशी, मग तहसील कचेरीचा दाखला. फॉर्म ऑनलाइन आणि दरवर्षी नव्याने. वर्ष चुकलं की त्या वर्षाचे पैसे गेले. वर बँकेचं खातं आधारला जोडलेलं हवं. एका पोराने टपरीवर सिमकार्ड घेताना नको तिथे अंगठा दिला, त्याचं मोबाइल कंपनीच्या बँकेत भलतंच खातं उघडलं आणि आधार त्यालाच जोडलं गेलं. शिष्यवृत्ती तिकडे जाऊन पडली आणि हा इथे सरकारला शिव्या देत बसला. मॅडम त्याला घेऊन टपरीवर गेल्या आणि पैसे शोधून काढूनच परतल्या. "लक्ष्मी टिळा लावायला आली नि हा तोंड धुवायला गेला," असं त्यांनी आठवडाभर येईल त्याला ऐकवलं.

गणपतीच्या सुट्टीत आम्ही घरी मोदक हाणतो तेव्हा मॅडम दौऱ्यावर असतात. आमच्या पोरांचे निम्मे बाप मुंबईला, ते गावात खात्रीने सापडतात ते याच दिवसांत. पिशवीत कोरे फॉर्म, पेन आणि स्टॅम्पपॅड. आधी दर्शन, मग प्रसाद, आणि यजमानाने हात धुवायच्या आत स्वयंघोषणापत्र पुढे. "बाप्पासमोर उत्पन्न खोटं सांगवत नाय कोणाला," हा त्यांचा सिद्धांत.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी मलाही ओढून नेलं. माझ्या वर्गातल्या अंकिता मांडवकरचं प्रकरण होतं. पोरगी हुशार, पण पहिल्या वर्षी बापाने दाखलाच काढला नाही. पूर्ण फी बसली आणि त्यातली अर्धी अजून भरायची होती. याही वर्षी दाखला आला नाही तर ती कॉलेज सोडून मेडिकलच्या दुकानात उभी राहणार होती. तसं मला सांगून गेली, न रडता. मला ते फार लागलं.

तिचे वडील, दत्ताराम मांडवकर, पडवीत खुर्ची टाकून बसले होते. कडक इस्त्रीचा सदरा, हाताला घड्याळ. येणारा-जाणारा 'काय साहेब, कधी इलात?' म्हणत होता. मुंबईच्या मोठ्या कंपनीत सुपरवायझर, अशी वाडीत ख्याती. मॅडमनी फॉर्म काढताच ते म्हणाले, "आम्हाला शिष्यवृत्ती नको. गरिबांची पोरं काय कमी आहेत? त्यांना द्या."

"पगाराचा दाखला द्या."

"कंपनी देत नाय."

"दिलान. पोरगीने तुम्हाला आणायला लावलान, तीच सांगत होती. खिशात आहे तुमच्या."

दत्तारामनी इकडे तिकडे पाहिलं आणि आम्हाला पडवीच्या टोकाला नेलं. आवाज एकदम खाली आला. "मॅडम, त्यावर 'कँटीन हेल्पर' लिवलेला हाय. तलाठ्याकडचा कोतवाल आमच्याच भावकीतला. आज कागद दिला तर रात्रीच्या आरतीला सगळ्या वाडीला कळंल."

मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा बघितला आणि ते गिळलं. आता मॅडम कडाडणार, असं मी धरूनच चाललो होतो. त्या पायरीवर बसल्या. पर्समधून प्लॅस्टिकच्या पिशवीतला एक घडी घातलेला कागद काढला आणि त्यांच्या हातात दिला.

"वाचा."

मीही डोकावलो. खोड वाईट, पण आहे. उत्पन्नाचाच दाखला होता, शिवलकर मॅडमच्या नावाचा. दत्ताराम जो आकडा लपवत होते त्याहून तो कमी होता, हे त्यांचा कागद बघितल्यावर पुढे कळलं.

"माझी मुलगी कोल्हापूरला नर्सिंग करते ती ह्या कागदावर. नवरा गेल्यापासून दरवर्षी काढते. मला कॉलेज दर अकरा महिन्यांनी नवी ऑर्डर देतं, मी कायम नाय. तुम्ही चहा देता, मी फॉर्म घेते. कष्टाचे पैसे दोघांचेही. पोरीने कॉलेज सोडावं, एवढं काय वाईट लिवलंय त्या कागदात?"

दत्तारामनी दाखल्याची घडी घालून तो मॅडमना परत दिला. मग म्हणाले, "पेन द्या." सही केली, अंकिताला हाक मारली आणि खिशातला कागद तिच्या हातात दिला.

तिने तो उघडलासुद्धा नाही. "मला म्हायती होता, बाबा," एवढंच म्हणाली. साहेबांनी तोंड फिरवलं आणि उगाचच समईची वात सारखी करायला गेले.

परतीच्या एसटीत मॅडमनी आधी सगळे फॉर्म नीट लावून पिशवीत ठेवले. स्टँड जवळ आल्यावर म्हणाल्या, "सर, कॉलेजात बोलू नका हां. सगळे मला कायम समजतात."

मला स्वतःचाच संताप आला. बारा वर्षं टेबल सांभाळणारी बाई कायम नसेल, असं आम्हा शहाण्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. प्रत्येकाच्या निरोप समारंभाची वर्गणी मागायला मीच त्यांच्या टेबलाशी जायचो, आणि त्या आमच्याइतकीच काढून द्यायच्या. एकदाही 'पुढच्या महिन्यात' म्हणाल्या नाहीत. वाडीभर एकट्याने अब्रू सांभाळणाऱ्या दत्तारामचं दुखणं त्यांना इतकं अचूक कसं कळलं, ते मला त्या गाडीत कळलं.

अंकिताची शिष्यवृत्ती मंजूर झाली. आता ती शेवटच्या वर्षाला आहे. मी कुणाला काही बोललो नाही. गेल्या महिन्यात मात्र मॅडमना विचारलं, "तुमच्यावर लिहू का? तेवढी दाखल्याची गोष्ट गाळतो."

त्या फॉर्म तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बाकी सगळा गाळा. तेवढीच लिवा. अजून कितीतरी बाप खिशात कागद घेऊन गप्प बसलेत, सर."