परराज्यातली आजी

आमच्या गावातून एक रस्ता जातो आणि त्या रस्त्याच्या मधोमध दोन राज्यांची हद्द जाते. दक्षिणेकडची दुकानं टेनेसीत, उत्तरेकडची घरं व्हर्जिनियात. रस्ता काही फार रुंद नाही. पलीकडे कुणी शिंकलं तर अलीकडून आम्ही 'देव भलं करो' म्हणतो. त्याला अजून परवानगी लागत नाही.

लॉरेना स्टिडम माझी शेजारीण. तिची सहा वर्षांची नात टेसी समोर, बूटदुरुस्तीच्या दुकानावर, आईबरोबर राहायची. जेवायला मात्र रोज आजीकडे. गेल्या हिवाळ्यात आईला गोळ्यांचं व्यसन सोडवण्यासाठी दवाखान्यात राहावं लागलं. न्यायाधीशांनी टेसीला टेनेसी राज्याच्या ताब्यात दिलं आणि मुलीने आजीकडे राहणंच उत्तम, असं मतही दिलं. सगळ्यांना बरं वाटलं. मग कुणीतरी नकाशा पाहिला.

आजी परराज्यातली निघाली. परराज्यातल्या नातेवाइकाकडे मूल पाठवायचं तर आधी तिकडच्या बालकल्याण खात्याने त्या घराची तपासणी करायची, असा राज्याराज्यांत करार आहे. हेतू उत्तमच आहे. मूल दूर कुठेतरी अनोळखी घरात जाऊन पडू नये. म्हणून तपासणी होईपर्यंत टेसीला दूर मेम्फिसला, अनोळखी घरात ठेवण्यात आलं. मेम्फिस गाडीने आठ तासांवर. तिथलं घड्याळसुद्धा आमच्यापेक्षा तासभर मागे. पण राज्य तेच, त्यामुळे कागदोपत्री ती घराजवळच होती. माझ्या समजण्यात काही चूकही असेल. मी जन्मभर वाचनालयात पुस्तकं लावली. भूगोलाचं कपाट दुसऱ्याकडे होतं.

टेसीचं प्रकरण दक्षिणेकडच्या कचेरीत वांडा ओवेनबीकडे होतं. तपासणी करायची उत्तरेकडच्या कचेरीतल्या फेंटन रॅटलिफने. दोघांच्या खिडक्या समोरासमोर. सकाळी ते एकमेकांना कॉफीचा कप उंचावून दाखवतात. पण वांडाचे कागद आधी तिच्या राजधानीला, तिथून त्याच्या राजधानीला, तिथून फेंटनकडे, असेच जायला हवेत. ते गेले. वसंत संपला तेव्हा पोचले.

फेंटन तपासणीला आला. लहानपणी त्याची आई कारखान्यात रात्रपाळी करायची, तेव्हा हा लॉरेनाच्या स्वयंपाकघरातच वाढला.

"काकू, तुम्हाला मुलं सांभाळायचा अनुभव आहे?" त्याने विचारलं.

"तुझं नाक कोण पुसायचं रे?"

"ते नोंदीत नाही, काकू."

"मग नोंद कर. अजून वाहतंय."

त्याने रुमाल काढला आणि पुढचा प्रश्न वाचला. मुलीला वेगळी खोली हवी. खोलीच्या खिडकीतून आग लागल्यास मुलीला बाहेर पडता यावं, आणि आग नसताना पडता येऊ नये. नळाचं पाणी गरम असावं, पण पोळू नये. कर्नल नावाचा म्हातारा कुत्रा दारात झोपला होता. त्याला लहान मुलांची सवय आहे काय?

"अरे, त्याची शेपटी धरून ती उभी राहायला शिकली!"

"म्हणजे तिने त्याला त्रास दिला," फेंटन कष्टाने म्हणाला. "त्याला वेगळं कलम आहे."

शेजारी म्हणून मलाही प्रश्न होता: या बाईंना आपण किती ओळखता? मी 'बरंचसं' असं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. खाडाखोडीचा खुलासा दोन्ही राजधान्यांनी मागवला. उन्हाळा त्यात गेला.

मेम्फिसच्या ओडेसाबाई, ज्यांच्याकडे टेसीला ठेवलं होतं, जिवाला जीव देणारी बाई. पोर रोज रात्री रडते, म्हणून एका शनिवारी तिला गाडीत घालून घेऊन आल्या. पण हुकूम स्पष्ट होता: मुलीने राज्य सोडायचं नाही. टेसी दक्षिणेच्या पायरीवर उभी, आजी उत्तरेच्या. मध्ये हद्दीचा पिवळा पट्टा.

लॉरेना आत गेली आणि स्वयंपाकघरातलं टेबल फरफटत बाहेर घेऊन आली. ते तिने पट्ट्यावर मांडलं, दोन पाय इकडे, दोन तिकडे. "बस गं माझी बाय. तू तुझ्या राज्यात जेव, मी माझ्या."

राजमा, मक्याचा पाव, तळलेली भेंडी. टेसी जेवायला लागली. वांडा देखरेखीला आली, फेंटन वासाने आला. दोघंही आपापल्या बाजूला बसले.

"वांडे, भेंडी सरकव की," फेंटन म्हणाला.

वांडाने भेंडी सरकवली.

"आजी," टेसी म्हणाली, "भेंडी तिकडे कशी गेली? तिची तपासणी झाली?"

फेंटनने घास गिळला आणि खडू काढून टेसीच्या खुर्चीभोवती रेघ मारली. "पाय हलवू नकोस गं, बाळ. टेबलाखालून तुझा अंगठा व्हर्जिनियात येतोय."

तोवर रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती. लोक उतरले, पाहिलं, डोळे पुसले, फोटो काढले. खात्याला नावं ठेवली. मग गाडीत बसले आणि हॉर्न वाजवायला लागले. टेसीने दोन्ही कानांवर हात ठेवले, आणि शेवटी आजीने टेबल उचललं.

गेल्या आठवड्यात निकाल आला. घर योग्य, खिडकी योग्य, पाणी योग्य, कुत्रा सशर्त योग्य. अर्ज मात्र नामंजूर. कारण घरासमोरचा रस्ता लहान मुलांसाठी धोक्याचा असून त्यावर वाहतुकीची कोंडी होते, अशी एका नागरिकाची लेखी तक्रार आहे.

फेंटनने ती आम्हाला वाचून दाखवली, आवाज न चढवता. लॉरेना ऐकत होती. टेसीच्या खोलीतल्या पलंगावर तिने नुकतीच धुतलेली चादर घातली होती. ती तिने काढली नाही. तक्रारीची सुरुवात अशी होती: 'सदर आजीबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे, परंतु…'

सही गिचमिड आहे, मला लागली नाही. पण त्या रांगेतली तिसरी गाडी मला चांगली आठवते. तिच्यात तुम्हीच होतात, घाईत.