मेहुण्याचं कव्हर लेटर

आमच्या मेहुण्याला नोकरी नव्हती आणि मला इंग्रजी येतं असा घरात समज होता. या दोन गोष्टी एकत्र आल्या नसत्या, तर आज मी सकाळच्या जीपमध्ये खिडकीशी बसलो असतो.

मेहुणा म्हणजे रणधीर, आमच्या शिवगंगेचा धाकटा भाऊ. बी.कॉम. झाल्यापासून लोहाऱ्यात आमच्याकडंच राहतो. त्यानं पेपरातली एक छोटी जाहिरात दाखवली. मुरुम परिसरातल्या एका नामांकित शिक्षणसंस्थेला लिपिक पाहिजे, कव्हर लेटरसह ईमेल करा. संस्थेचं नाव नव्हतं. (नामांकित असल्यावर नाव कशाला लागतंय?)

मी स्वतः मुरुमच्याच एका विनाअनुदानित शाळेत क्लार्क. कंत्राटी. दर जूनला संस्था मला नव्यानं नेमते आणि शासनाची मान्यता आता आलीच समजा, म्हणते. तरीही मला शंका आली नाही. जागा आमच्या शाळेतली असती, तर जाहिरात टाईप करायला माझ्याकडंच आली असती, असा माझा हिशेब.

पत्र दाजी लिहितील, असं शिवगंगेनं जाहीर केलं आणि मी फुगलो. मोबाईलवर एका साहेबाचा व्हिडिओ बघितला. तो म्हणत होता, नुसती स्वतःची तारीफ करू नका, संस्थेचं दुखणं ओळखा आणि त्याच्यावर औषध सांगा. मला हे एकदम पटलं. संस्थांची दुखणी मला पाठ होती.

मग मी लिहिलं की, अशा संस्थांमध्ये बहुधा एक जुना क्लार्क असतो. तो जीपचं कारण सांगून उशिरा येतो. शिक्षकांची कामं उद्यावर टाकतो. टेबलापेक्षा चहाच्या टपरीवर जास्त सापडतो, आणि कशाचाही दोष प्रिंटरला देतो. मी मात्र तसा नाही. पुढं मी रणधीरच्या अंगी असे गुण घातले, जे माझ्या अंगी यावेत असं मला नोकरी लागल्यापासून वाटत होतं.

रणधीरनं वाचलं. "दाजी, असा मानूस खरंच असतो का?"

"हरेक हापिसात एक असतोय," मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात आमचे सचिव श्रीमंतराव यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आधी म्हणाले, यंदा जूनला तुमची नेमणूक करता येणार नाही, तुमच्या जागी दुसरा घेतलाय. मग माझ्यापुढं एक कागद सरकवला. पहिल्याच ओळीला मी ओळखला. आईनं लेकरू ओळखावं तसा.

"बघा वैजनाथ," ते म्हणाले, "हा पोरगा आपल्या शाळेत कधी आला न्हाय, पण तुमचं चित्र काढलंय त्यानं. इतक्या वर्षांत तुमच्या हातून असं एक पत्र झालं का?"

पत्र माझंच आहे, हे शब्द ओठावर आले होते. पण मग रणधीरची नोकरी जाणार, माझी तर गेलीच होती. शिवाय मी स्वतःविरुद्ध लेखी साक्ष दिली, हेही सिद्ध होणार. मी म्हणालो, "न्हाय साहेब, न्हाय झालं."

मग रणधीरच्या नेमणुकीची ऑर्डर मलाच टाईप करायला सांगितली. प्रिंटर त्या दिवशी अजिबात अडकला नाही.

रणधीरला निवडीचा फोन आला होता, म्हणून घरी पेढे आले होते. मी सगळं सांगितलं तेव्हा शिवगंगेच्या हातातला पेढा हातातच राहिला. रणधीर उठला. असली नोकरी मला नको, उद्याच नाही म्हणून सांगतो, म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. पोरगं मनापासून बोलत होतं, आणि त्यामुळं मला त्याच्यावर धड रागावताही येईना. तू न्हाय गेलास तर तिसराच कुणीतरी बसंल तिथं, असं म्हणून मी त्याला खाली बसवलं. मग आम्ही तिघांनी पेढे खाल्ले. कडू लागले म्हणावं, तर तसेही नव्हते.

आता सकाळी तो डबा घेऊन जीप गाठतो आणि मी कोरा कागद घेऊन बसतो, स्वतःसाठी लिहायला. उमरग्याला एका ठिकाणी जागा आहे. पण काल तासभर पेन धरून बसलो तरी एक ओळ सुचली नाही. होते नव्हते ते सगळे गुण रणधीरला देऊन बसलो होतो. शेवटी चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या शिवगंगेला विचारलं, माझ्यात सांगण्यासारखं काय आहे, खरं सांग.

तिनं भाकरी तव्यावर टाकली, उलटली, फुगू दिली. एवढा विचार तिनं लग्नाला होकार देतानाही केला नसेल. मग म्हणाली,

"रणधीरचे दाजी हाव, असं लिहा. त्याचं नाव लई झालंय आता."