राजे भुजंगराव यांची तसबीर काचेवर उमटली त्याची हकीकत

श्री. जे तेज सकळ वस्तूंस रूप देते त्यास वंदन करून, जैसे ऐकिले तैसे लिहिले.

शके एकोणीसशे चौतीस, नंदननाम संवत्सर, माघमासी, एके डोंगरी राज्यात, ज्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही, राजे भुजंगराव राज्य करीत होते. राजे न्यायी, मृदुभाषी, परंतु त्यांचे मुख रयतेने कैक वर्षे पाहिले नव्हते. कारण की, तरुणपणी पागेस आग लागली तेव्हा राजे स्वतः आत शिरले आणि घोडी सोडविली, आणि त्यात डावा गाल जळाला. जखम भरली, व्रण राहिले. मग महालातील आरसे काढविले, चितारी दारातून परतविले, फोटोवाल्यास वेशीच्या आत येऊ दिले नाही, आणि दरबारात चिकाच्या पडद्याआडून बोलू लागले. मुख पाहणार एक राणी अंबूबाईसाहेब, त्याही समईच्या उजेडी.

त्या माघात राजियांस छातीचे दुखणे जडले. वैद्य जाहले, डाक्टर जाहले, सर्वांनी माना खाली घातल्या. तेव्हा राणीसाहेबांस भय पडले की, हे गेलियावर हे मुख मला तरी किती काळ आठवेल? आणि अन्न गोड लागेना.

त्या समयी चिटणीस नागेशपंत यांनी स्क्यानर नामे यंत्र आणविले होते. राज्याचे जुने नकाशे वाळवीने खाल्ले, त्यांच्या प्रतिमा संगणकात ठेवाव्या हा हेतू. यंत्र म्हणजे चपटी पेटी, वर काच, काचेवर झाकण. काचेखालून उजेडाची एक काठी हळूहळू चालत जाई आणि जे वर ठेवावे ते संगणकाच्या पडद्यावर उमटे. राणीसाहेबांनी वेणीतले सोनचाफ्याचे फूल काचेवर ठेवविले आणि झाकण उघडेच ठेवविले, तो काळ्याभोर आकाशात फूल तरंगताना दिसले. बाईसाहेब बराच वेळ पाहत राहिल्या, मग पेटी उचलवून राजियांच्या दालनी आणविली.

राजे शेल्याने अर्धे मुख झाकून लोडास टेकून होते. म्हणाले, "हे काय आणिले?"

राणीसाहेब म्हणाल्या, "उजेड आणिला आहे. मुख मागत नाही. हात तेवढा द्यावा."

राजे हसले आणि हात दिला. भर दुपारी पडदे सोडिले, दालनात सांजेसारखा अंधार जाहला, आणि यंत्र गुणगुणत चालले. तळहाताखालून उजेड सरकू लागला तो राजे लेकरासारखे पाहू लागले. पडद्यावर हात उमटला: रेघा, लगामाचे घट्टे, करंगळीची जुनी चीर, आणि मनगट मागे धुक्यात विरालेले.

राजियांनी पुसिले, "मनगट कोठे गेले?"

नागेशपंत म्हणाले, "महाराज, जे काचेस टेकते तेच स्पष्ट येते. जे दूर राहते ते धूसर होते."

राजियांनी शेल्यावरून गाल चाचपिला. बाहेर पागेत घोडे फुरफुरले. मग म्हणाले, "इतकी वर्षे मी कोणास टेकलोच नाही." आणि राणीसाहेबांकडे वळून म्हणाले, "माझे मस्तक धरा. आज गाल टेकवितो."

राणीसाहेबांच्या डोळ्यांस धार लागली. नागेशपंतांनी मुख दिसू नये म्हणून पाठ फिरविली, तो राजे शेला सारून म्हणाले, "पंत, इकडे पाहा. पाहिल्यावाचून यंत्र कैसे चालवाल?" पंतांनी पाहिले, आणि मुजरा केला, आणि म्हणाले, "डोळे मात्र मिटावे. उजेड प्रखर आहे."

राजियांनी डोळे मिटून जळलेला गाल काचेवर ठेविला. मस्तकाचा भार राणीसाहेबांच्या हाती, म्हणून त्याही वाकल्या, आणि वाकता वाकता आपला गाल काचेवर राजियांशेजारी ठेविला. उजेड चालला. तो दोघांच्या पापण्यांखाली पहाटेसारखा आला आणि गेला.

मग पडद्यावर पाहतात तो राजियांचे मुख लख्ख: व्रणांच्या वाटा जणू उंचावरून पाहिलेल्या नद्या, आणि चेहरा झोपलेल्या माणसाचा, निवांत. परंतु शेजारी राणीसाहेबांचे मुख लांबत, वाकत, वाहत्या पाण्यातील सावलीसारखे जाहले होते.

पंत कष्टी होऊन म्हणाले, "बाईसाहेब हालल्या. प्रतिमा बिघडली, पुन्हा घेऊ."

राजे म्हणाले, "घेऊ नये. हीच ठेवावी." आणि थकून निजले.

फाल्गुनात राजे कैलासवासी जाहले. राणीसाहेबांनी ती तसबीर मोठी छापवून दरबारात लाविली, आणि चिकाचा पडदा उतरविला. रयत येऊ लागली, राजियांचे मुख इतक्या वर्षांनी पाहू लागली, आणि कोणी घाबरले नाही. पागेतील म्हातारी मोतद्दारीण सखू तर तसबिरीपुढे बसून राहिली, मग राणीसाहेबांस भीत भीत म्हणाली, "बाईसाहेब, धनी ओळखले. पण त्यांच्याशेजारी हे पाण्यासारखे काय आहे?"

राणीसाहेब म्हणाल्या, "ती मी. तेव्हा मी त्यांस काही सांगत होते."

सखूने पुसिले, "काय सांगितले?"

राणीसाहेबांनी पदर सावरला आणि त्या किंचित हसल्या.

तात्पर्य, राजे भुजंगराव अखेर आपल्या रयतेस दिसले, आणि राणीसाहेबांचे बोल त्यांचे त्यांपाशी राहिले. इतके वर्तमान कळले, तितके लिहून लेखणी ठेविली.