टेलरचाचांचं परत येणारं दान

शुक्रवारची नमाज संपल्यावर टेलरचाचांनी मशिदीच्या दारातल्या क्यूआर कोडच्या पाटीसमोर फोन धरला, रक्कम टाकली, मनातल्या मनात बिस्मिल्ला म्हणून बटण दाबलं, आणि त्यांचं दान परत आलं. पडद्यावर भलीमोठी लाल फुली उमटली. खाली बारीक अक्षरांत कारण दिलेलं होतं. पण फुली पाहूनच चाचांनी फोन छातीशी उलटा धरला; पुढचं वाचायची त्यांची हिंमत झाली नाही.

"काय चाचा, गेले का?" मागून बेकरीवाल्याने विचारलं.

"हो हो," चाचा म्हणाले आणि बाजूला झाले. बेकरीवाल्याचे लगेच गेले. त्याच्या मागच्याचेही गेले. सगळ्या रांगेत एकट्या चाचांचं, मशिदीच्या खजिनदाराचंच दान वर कबूल होत नव्हतं.

ही पाटी म्हणजे कमिटीच्या सेक्रेटरींची, निवृत्त हेडमास्तरांची योजना. वजूच्या जागेवरचं छप्पर गळत होतं. नमाजाआधी हातपाय धुऊन माणूस वळला की डोकं आपोआप धुतलं जाई. दानपेटीत निघे तो खुर्दा. तेव्हा हेडमास्तरांनी ठरवलं की आता दान फोनवरून. मशिदीचं खातं कागदपत्रांत अडकलं होतं, म्हणून तात्पुरतं एक वेगळं खातं चाचांच्याच नावाने उघडलं आणि त्याचा हिशेब हेडमास्तरांच्या फोनवर जोडला. चाचांनी त्याच खेपेत आपल्या दुकानासाठीही एक पाटी छापायला टाकली. इमामसाहेबांनी एवढंच सांगितलं होतं, "अल्लाहच्या घरात पैसे मागणारी अक्षरं नकोत." चाचांनी ते छापखान्यात तसंच सांगितलं. छापखानेवाल्याने दोन्ही पाट्यांवरची अक्षरं काढून टाकली. उरले दोन काळे चौकोन, शर्टाच्या दोन बटणांइतके सारखे. चाचांनी एक दुकानात लावला, एक मशिदीत.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा फुली आली. चाचांना रात्री झोप लागेना. दान परत येतं म्हणजे कमाईतच खोट असणार, दुसरं काय? ते आपली खोट शोधायला लागले, आणि शिंप्याला ती शोधायला लांब जावं लागत नाही. गिऱ्हाइकांच्या कापडातून उरलेल्या चिंध्यांचं गाठोडं त्यांनी सोडलं आणि तुकडे घरोघर परत करत फिरले.

"अहो, या टीचभर कापडाचं मी काय करू?" वकिलीणबाईंनी विचारलं.

"काहीही करा, पण माझ्या घरात नको," चाचा म्हणाले.

त्याहून भयंकर म्हणजे त्यांनी 'उद्या या' म्हणणं सोडलं. कपडे सांगितल्या दिवशी शिवून तयार राहू लागले. गल्लीत आधी कुणाचा विश्वास बसेना. मग बोलबाला झाला आणि दुकानासमोर रांग लागली. गिऱ्हाइकं चौकोनापुढे फोन धरत, "दिले बरं का चाचा" म्हणून पडद्यावरचं चाचांचं नाव दाखवत आणि जात. चाचा मान हलवून पुन्हा मशीनवर वाकत.

इकडे मशिदीच्या खात्यात पैशांचा पूर आला होता. हेडमास्तरांनी तक्ता काढला. "शुक्रवारच्या जुम्म्यापेक्षा जास्त दान कामाच्या दिवशी, भरदुपारी येतंय!" ते कमिटीला म्हणाले. "माणसाला कामात असताना देव आठवतो, हा माझा निष्कर्ष आहे." छप्पर झालंसुद्धा. कमिटी खूश होती. चाचा कोपऱ्यात मान खाली घालून बसत. सगळ्या मोहल्ल्याचं दान पोचत होतं, आणि आपण किती शुद्ध व्हायचं अजून, हे त्यांना कळत नव्हतं. ते खरंच खचले होते.

दुकानाचं भाडं द्यायची वेळ आली तेव्हा चाचीने फोन हातात घेतला. तिने चष्मा लावला आणि खात्यातल्या नोंदी एकेक करून वाचल्या.

"अहो, एवढं शिवताय, आणि खात्यात एवढेच?"

"बरकत नाही," चाचा हळूच म्हणाले. "माझी कमाईच खोटी आहे."

"कमाई राहू द्या. हे हेडमास्तर आपल्याकडे काही शिवतात?"

"छे. ते तयार कपडे घालतात."

"मग दर जुम्म्याला ते आपल्याला एक रुपया कशाला पाठवतात? आणि हा बेकरीवाला दोन कशाला पाठवतो?"

चाचा उभे राहिले, पुन्हा बसले. मग दोघं तसेच मशिदीकडे निघाले.

तिथे दुसऱ्या गावच्या मशिदीचे पाहुणे आले होते आणि हेडमास्तर त्यांना तक्ता समजावत होते. चाचीने दारातूनच सगळं सांगितलं. पाट्यांची अदलाबदल झाली होती. मशिदीचं छप्पर पँटींच्या आणि झंपरांच्या शिलाईतून झालं होतं, आणि भाविकांचं दान चाचांच्या फोनवर, ज्याच्या त्याच्या नावासकट, जमा होतं. बेकरीवाल्याला एकदम भट्टी आठवली. हेडमास्तरांनी तक्त्याची गुंडाळी केली.

"म्हणजे ती फुली?" चाचांनी घाबरत विचारलं.

पाहुण्यांपैकी एकाने फोन पाहिला. "आपल्याच खात्यातून आपल्याच खात्यात पैसे कसे जातील, चाचा?"

इमामसाहेब चाचांजवळ येऊन बसले. "चाचा, तुम्ही रडत होतात की तुमचं दान कबूल होत नाही. इतके दिवस इथे खरं म्हणजे तुमचंच तेवढं पोचत होतं."

चाचांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. हेडमास्तरही गहिवरले. "आम्ही सगळे मिळून तुमची पै न् पै परत करू," ते म्हणाले.

"परत?" चाचा ताडकन उठले. "आत्ता कुठे कबूल झालंय, आणि तुम्ही पुन्हा परत पाठवताय?"

"अहो, अल्लाहनं कबूल केलं, घरमालक कसा करेल?" चाची म्हणाली. "भाड्यापुरतं घ्या. बाकीचं राहू द्या वर."

हेडमास्तरांनी मान डोलावली. पाहुण्यांतले वडीलधारे खाकरले. "हेडमास्तर, तक्ता वगैरे ठीक आहे. पण तुमचे हे टेलर आमच्याकडे खजिनदार म्हणून येतील का?"

"येतील की," चाची म्हणाली आणि चाचांचा फोन आपल्या पिशवीत टाकला. "पण पाट्या मी लावणार."