तहानेल्याच्या पत्रांची हकीकत

श्रीशारदा प्रसन्न असो, दौतींत शाई असो, आणि ऐकणारांस सवड असो. शके अठराशें दोन, विक्रमनाम संवत्सरीं, वैशाखमासीं एके संस्थानीं जें वर्तलें तें निवेदन केलें असे. त्या राज्याचे दिवाण त्र्यंबकराव यांणीं नवी हवेली बांधिली आणि अंगणांत कारंजें उडविलें, मग नगराचे हौदांस येणारें तळ्याचें पाणी तिकडे वळविलें, आणि कुंभारआळीचे लोक ओढ्याचें घाण पाणी पिऊन आजारी पडों लागले. रोगी राजवैद्य विश्वंभरशास्त्री यांचे ओसरीवर येत, आणि त्यांस औषधाच्या पुड्या बांधून देत शास्त्रीबोवांच्या पत्नी द्वारकाबाई. बाईंचे मनांत आलें कीं, नुसत्या पुड्या तरी किती बांधाव्या? मग त्यांणीं लेखणी धरिली, आणि 'तहानेला' ऐसें टोपणनांव घेऊन 'नगरवृत्त' वर्तमानपत्रास या पाण्याविषयीं टपालानें पत्रें धाडूं लागल्या. लिहिणारा कोण, हें संपादक भिकाजीपंतांसही ठाऊक नव्हतें. पत्रें चावडीवर मोठ्यानें वाचिलीं जात, लोक माना डोलावीत, आणि दिवाणांचा जळफळाट होई.

मग दिवाणांनीं डाव रचिला. दवंडी पिटविली कीं तहानेल्यानें दरबारीं यावें, शालजोडी मिळेल. मोरेश्वरपंत म्हणून एक कवि होते, त्यांस शालीची हौस भारी. ते छाती काढून म्हणाले, "तो मीच!" आणि खांद्यावर शाल पडावी तों हातांत बेड्या पडल्या. मग "मीं नाहीं हो लिहिलें!" म्हणून पुष्कळ रडले, परंतु कोणी मानीना.

वर्तमान वैद्यांचे घरीं पोंचलें. शास्त्रीबोवांस पत्नीचें लिहिणें ठाऊक होतें. ते घाबरून म्हणाले, "तूं नांव सांगितलेंस तर माझी वैद्यकी बुडेल." बाई म्हणाल्या, "आणि न सांगितलें तर पंत बंदीखान्यांत कुजतील. माणूस खोटें बोलला खरा, पण पत्रें माझीं आहेत." आणि इरकल लुगडें नेसोन, ओढ्याचें पाणी तांब्यांत भरोन, थेट दरबारीं गेल्या.

"महाराज, तहानेला तो मीच," बाई म्हणाल्या. दिवाण हंसोन वदले, "बायकामाणसास असें लिहितां येतें काय? पुरावा आणा." बाईंनीं तांब्या पुढें केला. "लिहिण्याचा पुरावा कशास? पाण्याचा घ्यावा. हें कुंभारआळीचें पाणी. पत्रांतला मजकूर खोटा असेल तर दिवाणसाहेबांनीं एक घोट प्यावा." दिवाणांनीं तांब्या ओठांपर्यंत नेला, आणि वास येतांच खालीं ठेविला. महाराज काय तें समजले.

मग कारंजें बंद जाहलें, हौद भरले, मोरेश्वरपंत सुटले, दिवाणांस तीर्थयात्रेची आज्ञा जाहली, आणि शास्त्रीबोवांची वैद्यकी किंचित् बसली, कारण लोक आजारी पडेनात.

भिकाजीपंत हात जोडून वैद्यांचे घरीं आले आणि म्हणाले, "बाईसाहेब, पुढील पत्राखालीं काय छापूं?"

"माझें नांव छापा. द्वारकाबाई. पत्र तुमच्याचविषयीं आहे, छापखान्याची शाई ओढ्यांत सोडतां त्याविषयीं."

भिकाजीपंतांनीं घाम पुसला, आणि छापिलें. सारांश, त्या राज्यांत नांव झांकोन लिहिलेलें खरें ठरलें, आणि नांव उघडें करोन लिहिलेलें त्याहून तिखट निघालें. ऐसें वर्तमान जाहलें.